हॉथॉर्न इथंच बरा, त्याची रीत तेवढी न्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी फार्महाऊसच्या बागांवर एक लेख आला होता. त्यात हॉथॉर्नच्या, म्हणजे इंग्लंडातल्या एका काटेरी झुडपाच्या, कुंपणाचं भरभरून कौतुक होतं. हॉथॉर्न लावा, पक्षी आपोआप येतील. रोपं इंग्लंडातल्या नातेवाइकांकडून मागवा. आणि कुंपणाचा आकार राहावा म्हणून दर महिन्याला छाटणी करा, असा एकंदर सल्ला. माझ्या नाशिकच्या भाच्यानं त्या पानाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, डिसेंबरात येतेस तेव्हा पन्नासेक काड्या घेऊन ये. बॅगेत सहज मावतील.'

मावतील, यात शंका नाही. तरी मी त्याला नाही म्हटलं. कारणं फोनवर सांगून संपेनात, तेव्हा म्हटलं, ती तुमच्या वाचकांनाच सांगावीत.

मी मूळची रावेर तालुक्यातली. निम्म्याहून जास्त आयुष्य लेस्टरशायरमध्ये गेलं, तेही बहुतेक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, जिवाणूंच्या बशा निरखत. आता निवृत्त आहे आणि घरामागच्या पट्ट्यात मातीत हात घालते. त्या पट्ट्याच्या दोन बाजूंना हॉथॉर्नचं कुंपण आहे, माझ्या हातचं. त्यामुळे लेखातल्या कौतुकाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'आपोआप' आणि 'दर महिन्याला' या दोन शब्दांशी.

आधी लावणीचं सांगते. हॉथॉर्न गुलाबाच्या आणि सफरचंदाच्या कुळातला. हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, आणि नोव्हेंबर ते मार्च या झोपेच्या दिवसांतच त्याची लावणी करतात. रोपवाटिकेतून येतात त्या कुंडी नाही, माती नाही अशा नुसत्या उघड्या मुळांच्या काड्या. उंची वीतभर कमी-जास्त दोन फूट, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधलेल्या, मुळं काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. एका काडीला पौंडाच्या आसपास पडतो, म्हणजे इथल्या एका कॉफीहून स्वस्त. आमच्या ह्यांनी ती जुडी पाहिली आणि विचारलं, 'चुलीत घालायच्या मोळीला पैसे मोजलेस?'

या काड्यांना ऊन-पाऊस-चिकणमाती काही बाधत नाही. बाधतो तो वारा. मुळं उघडी ठेवून तुम्ही चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत ती सुकलेली असतात. म्हणून सगळी जुडी ओल्या गोणपाटात ठेवायची आणि एकेक काढायची. खड्डा खणायचा नाही. कुदळीसारखं सपाट पातं असलेलं फावडं जमिनीत सरळ खुपसायचं, पुढे-मागे हलवायचं, फट झाली की रोप जुन्या मातीच्या खुणेपर्यंत आत सोडायचं आणि टाचेनं दाबून टाकायचं. दोन ओळी, त्यांच्यामध्ये हातभराहून थोडं कमी अंतर, आणि रोपं समोरासमोर न लावता आडवी-तिडवी, म्हणजे पुढच्या दोघांच्या फटीत मागचं एक. मीटरला चार-पाच रोपं होतात. खत नको. गवत मात्र जवळ फिरकू द्यायचं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत हॉथॉर्नचा खरा वैरी गवतच. मी जुने पुठ्ठे अंथरले आणि वर लाकडाचा भुसा टाकला. सशांचा त्रास असेल तर प्रत्येक रोपाला प्लॅस्टिकची गुंडाळी लागते.

आणि मग, लावून हात झटकायच्या आत, प्रत्येक रोप निम्म्याहून खाली कापायचं. इथं माणसाचा हात थबकतो. आधीच गुडघ्याएवढी काडी, ती वीतभर करायची. पण शेंड्याचा जोर मोडला की खालचे डोळे फुटतात आणि झुडूप जमिनीपासूनच घट्ट होतं. कुंपणाचा सगळा जीव त्या खालच्या दीड फुटात असतो. ज्याच्या तंगड्या उघड्या पडल्या त्या कुंपणातून मांजर आरपार जातं, वारा आरपार जातो, आणि पक्षी तिथं घरटं बांधायला येत नाही. जे लोक ही कापणी चुकवतात त्यांची कुंपणं दहा वर्षांनीही ओळखू येतात.

शेजारीपाजारी बहुतेकांनी लाकडी फळ्यांचं कुंपण घातलंय. थंडीतल्या वादळात त्याच्या फळ्या गल्लीभर उडतात आणि वसंतात नव्या विकत आणतात. दुसरा वर्ग लेलँडीवाल्यांचा. लेलँडी म्हणजे झपाट्यानं वाढणारं सायप्रस, सदाहरित, शेजाऱ्याचं ऊन गिळणारं. त्यावरून इथं इतकी भांडणं झाली की २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळं प्रकरण घालावं लागलं: दोन मीटरहून उंच सदाहरित झाडांच्या रांगेबद्दल शेजाऱ्याला काउन्सिलकडे तक्रार करता येते. हॉथॉर्न पानगळीचा असल्यामुळे त्या कायद्यातून सुटलाय. हिवाळ्यात तो उन्हाला वाट देतो, मग कोण कशाला भांडेल?

पानं मार्चअखेरीलाच येतात, बाकी झाडांना जाग यायच्या आधी. कोवळी असताना इथली पोरं पूर्वी ती चघळायची. मीही खाऊन पाहिली. चव सौम्य आहे, लोक सांगतात तसं फार काही नाही. फुलं यायला मात्र चार-पाच वर्षं धीर धरावा लागतो. मे महिन्यात अख्खं कुंपण पांढरं होतं. जुने इंग्रज तर फुलाला 'मे'च म्हणायचे, आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी ते तोडून दारावर लावायचे. पण आता १ मेला ते बहुधा उमलतच नाही. कारण १७५२ साली इथल्या सरकारनं पंचांग बदललं. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला आणि मधले अकरा दिवस गेले. सण तारखेला चिकटून अकरा दिवस अलीकडे आला, झाडाला कुणी कळवलं नाही.

ती फुलं घरात मात्र आणायची नाहीत. पलीकडच्या आजीबाईंनी पहिल्याच वर्षी मला दटावलं होतं, घरात आणलंस तर घरातलं माणूस जाईल. मी वास घेतला आणि कळलं. त्या फुलांत ट्रायमिथाइलअमाइन नावाचं रसायन असतं, आणि प्राण्याचं शरीर कुजायला लागलं की पहिल्यांदा तयार होणाऱ्या रसायनांत तेही असतं. गोडसर, पण खाली काहीतरी नासल्याचा वास. प्रयोगशाळेत जन्म गेलेल्या बाईला तो ओळखायला वेळ लागत नाही. प्रेत दोन-तीन दिवस घरातच ठेवायच्या काळात लोकांनी हा वास कशाशी जोडला असेल ते सांगायला नको. माश्या आणि भुंगेरे मात्र त्या वासावर तुटून पडतात, मधमाश्याही येतात, आणि त्यांच्यामागे पक्षी.

पक्ष्यांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लेखाचा रोख तोच होता. माझ्या कुंपणातली सगळ्यात मोठी वस्ती आपल्या साध्या चिमण्यांची. तीच चिमणी, जी रावेरला फोटोफ्रेमच्या मागे घर करायची. ब्रिटनमध्ये तिची संख्या इतकी घसरली की २००२ पासून ती इथल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिल्लाला अळ्या आणि मावा लागतो, आणि तो फळ्यांच्या कुंपणावर कुठून मिळणार? हॉथॉर्नच्या पानावर अळ्या भरपूर. ब्रिमस्टोन नावाच्या पिवळ्या पतंगाची अळी तर हुबेहूब त्याच्या काडीसारखी दिसते, मध्ये गाठसुद्धा असते. मी चष्मा लावून शोधते तेव्हा ती सापडत नाही. चिमणीला चष्मा लागत नाही.

दुसरा रहिवासी डनॉक. करडा-तपकिरी, चिमणीच्या मादीसारखाच, कुणाचं लक्ष जाऊ नये असा. पण त्याचं घरटं पाहिलंत तर दचकाल. फांद्यांच्या आत, कमरेहून खाली, शेवाळाची वाटी आणि त्यात स्वच्छ निळी अंडी, एकही ठिपका नाही. इथली कोकीळ आपली ठिपक्यांची करडी अंडी त्यात घालते आणि डनॉक बिचारा ती मुकाट्यानं उबवतो. एवढा ढळढळीत फरक त्याला दिसत कसा नाही, याचा विचार शास्त्रज्ञ आजही करतात. आमच्या घराकडे आता कोकीळ येत नाही, त्यामुळे माझे डनॉक सुखात आहेत. कुंपणाच्या बुडाशी पालापाचोळा साचतो तिथं रात्री हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा छोटा प्राणी फिरतो. त्याच्यासाठी शेजारच्या फळीला तळाशी तळहाताएवढं भोक पाडायला मी शेजाऱ्याला तयार केलंय.

सप्टेंबरात फळं पिकतात, गुंजेहून मोठी, गर्द लाल. आतला गर पिठूळ आणि बेचव, मध्ये एकच कठीण बी. मी एकदा त्यांची आंबट-गोड चटणी केली; गुळानं आणि मिरचीनं वेळ निभावून नेली. ती फळं माणसासाठी नाहीतच. आधी ब्लॅकबर्ड येतात, आपल्याकडच्या कस्तुराचे सख्खे नातलग. मग थंडी वाढली की उत्तर समुद्र ओलांडून स्कँडिनेव्हियातून रेडविंग आणि फील्डफेअर उतरतात, तेही त्याच घराण्यातले. जानेवारीत जमीन दगडासारखी गोठते, गांडूळ मिळेनासं होतं, तेव्हा हे पाहुणे फळं राखून ठेवलेल्या कुंपणावर तुटून पडतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रेडविंग इतका जवळ दिसतो की डोळ्यावरची सायीच्या रंगाची रेघ आणि पंखाखालचा विटकरी डाग दोन्ही स्पष्ट कळतात. तो फळ चावत नाही. चोचीत धरतो, मान एकदा मागे झटकतो, फळ गेलं. दोन-तीन मिनिटांत पंधरा-वीस फळं. मग फुगून बसतो आणि बिया दुसऱ्याच्या बागेत टाकून येतो. ती बी मातीत पडून रुजायला कधी दीड वर्ष जातं, आधी ऊब आणि मग थंडी खाल्ल्याशिवाय तिचं कवच बधत नाही.

आता छाटणी. हॉथॉर्न फुलतो तो आदल्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या फांदीवर. दर महिन्याला सोडाच, दरवर्षी सगळीकडून कात्री चालवली तरी फुलं येणारी फांदीच उरत नाही. फूल नाही म्हणजे फळ नाही, फळ नाही म्हणजे जानेवारीत रेडविंग नाही. कुंपण हिरवंगार दिसेल, फोटो छान येईल, आत शुकशुकाट. म्हणून इथले जाणकार दोन-तीन वर्षांतून एकदा छाटतात, तेही जानेवारी-फेब्रुवारीत, फळं खाऊन झाल्यावर आणि घरटी बांधायच्या आधी. मी एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी असं करते, म्हणजे कुठलं तरी अंग फुलतंच.

शेतांवरची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरच्या लांब हाताला फिरत्या साखळ्यांसारखी पाती लावलेलं यंत्र असतं, ते कुंपण कापत नाही, चेचतं. ऑगस्ट संपला रे संपला की काही शेतकरी ते घेऊन निघतात आणि सगळी फळं पिकायच्या सुमारास रस्त्यावर सांडतात. फांद्या फाटलेल्या, पांढरी लाकडं बाहेर आलेली. वर काटे गल्लीत पसरतात, सायकलवाले पंक्चर काढत आणि शिव्या घालत बसतात. शेतकऱ्यांना पुढे करायला नियम आहे: २०२४ पासून इंग्लंडमधल्या शेतजमिनीवर १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायला मनाई आहे आणि कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटरपर्यंत नांगर किंवा फवारणी नेता येत नाही. म्हणून १ सप्टेंबरला यंत्र बाहेर! नियमात बसतं, पण जरा चार महिने थांबलं असतं तर काय बिघडलं असतं?

बागेतल्या कुंपणाला हा नियम लागू नाही. १९९७ चे कुंपण-संरक्षणाचे नियमही बागेला नाहीत. आहे तो फक्त १९८१ चा वन्यजीव कायदा, त्याप्रमाणे वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. आमच्याच रस्त्यावर एका घरी गाडी लावायला जागा हवी म्हणून ऐन मे महिन्यात कंत्राटदाराचे लोक जुनं हॉथॉर्न उपटायला आले. मी जाऊन घरट्यांचं विचारलं. 'बाई, दुपारपर्यंत आटपून जाऊ' एवढंच उत्तर मिळालं. आटपून गेलेही. तिथं आता खडी आहे.

तुमच्या लेखात जे अजिबात नव्हतं ते कुंपण 'निजवणं'. पंधरा-वीस वर्षांनी हॉथॉर्न उंच होतो आणि खालून विरळ पडतो. तेव्हा त्याला तोडून टाकत नाहीत. हिवाळ्यात कोयता घेऊन माणूस येतो. प्रत्येक खोड जमिनीलगत तिरकं कापत कापत शेवटी सालीची आणि थोड्या ओल्या लाकडाची पातळ पट्टी ठेवतो, आणि मनगटाएवढं खोड अलगद आडवं करतो. ती पट्टी जगते, आडवं खोड वसंतात फुटतं, आणि बुंध्यातून नवे कोंब सरळ वर येतात. आमच्या मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, पद्धतीत मध्ये खुंट ठोकून वर हेझल नावाच्या झाडाच्या लवचिक काठ्यांची वेणी घालतात, कारण इथं बैल अडवायचे असत. परगणा बदलला की रीत बदलते. या कामाची राष्ट्रीय संस्था आहे, १९७८ पासूनची, आणि दरवर्षी स्पर्धाही असते. मी पाहायला गेले तेव्हा सत्तरीचा एक गृहस्थ तोंडात बिस्किट धरून कोयता चालवत होता. एक घाव जास्त पडता तर खोड तुटून हातात आलं असतं. बिस्किटाचा चुराही पडला नाही.

एवढं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं की या कुंपणांचा जन्म काही पाखरांच्या प्रेमातून झालेला नाही. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं पाच हजारांहून जास्त कायदे करून गावाची सामाईक कुरणं आणि मोकळी शेतं खासगी केली. इंग्लंडची सुमारे पाचवा हिस्सा जमीन अशी वाटली गेली. त्यातला सर्वांत जोराचा काळ १७५० नंतरच्या शंभर वर्षांचा. वाटणी झाली की हद्दीवर झटपट वाढणारं काटेरी काहीतरी हवं, म्हणून हॉथॉर्नची रोपं लाखांनी विकली गेली. ज्याची एक गाय त्या सामाईक कुरणावर चरायची त्याची गायही गेली आणि तोही शहराकडे गेला. आपल्याकडे म्हणतात कुंपणानंच शेत खाल्लं, तर इथं ते कायद्यानं आणि हॉथॉर्ननं खाल्लं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं आली आणि तीच कुंपणं अडचण झाली, तेव्हा सरकारी अनुदान घेऊन ती उपटली. आता सरकारला सल्ला देणारी हवामानबदल समिती सांगते, २०५० पर्यंत कुंपणांची लांबी ४० टक्क्यांनी वाढवा. एकंदर काय, इंग्रजांचं कुंपणाशी नातं फार जुनं आणि फार धरसोडीचं.

आणि यातलं एक कुंपण आपल्या दारापर्यंत आलं होतं. रावेरहून बऱ्हाणपूर किती जवळ, पण तिथपर्यंत इंग्रजांनी काटेरी कुंपण आणलं होतं हे मला लेस्टरला येऊन समजलं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ आत आणू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती, आणि तिच्या मोठ्या भागावर, पार बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत, जिवंत कुंपण होतं. राखायला सुमारे बारा हजार माणसं. १८६७ ते १८७० या काळात त्याचा मुख्य अधिकारी होता अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच, ज्याच्या पुढाकारानं १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि ज्यानं हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह करून ब्रिटिश म्युझियमला दिला. या पक्षीवेड्या माणसानं तिथं हॉथॉर्न लावला नाही. त्यानं ज्या मातीत जे काटेरी झुडूप रुजतं ते शोधून लावलं: बाभूळ, करवंद, बोर, निवडुंग, थोर. कुंपण जुलमाचंच होतं, १ एप्रिल १८७९ ला ते सोडून दिलं ते बरंच झालं. पण झाड निवडायची अक्कल बिनतोड होती, आणि तुमच्या पुरवणीतल्या सल्ल्याच्या नेमकी उलट.

म्हणून भाच्याला नाही म्हटलं. पहिलं कारण साधं. हॉथॉर्नला हिवाळ्याची लांब झोप लागते, ती नाशिकच्या थंडीत पुरी व्हायची नाही. त्याचे नातलग काश्मीरच्या डोंगरात आहेत, कुमाऊँत घिंगारू आहे, ते तिथं शोभतात. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. अर्विनिया अमायलोव्होरा नावाचा एक जिवाणू आहे, सफरचंद, नाशपती आणि हॉथॉर्न या तिघांवर सारखाच पडतो. फांदी शेंड्याकडून आगीत धरल्यासारखी काळी पडते आणि आकड्यासारखी वाकते. रोगाला नावच 'फायर ब्लाइट'. इंग्लंडात तो पहिल्यांदा १९५७ मध्ये केंट परगण्यात नाशपतीवर दिसला आणि मग हॉथॉर्नच्या कुंपणांतून पसरत गेला. वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतही तो असू शकतो. अशी काडी कपड्यांत गुंडाळून हिंदुस्थानात नेणं म्हणजे हिमाचल आणि काश्मीरच्या बागांशी जुगार. शिवाय भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि तपासणीशिवाय रोपं आणता येतच नाहीत. आपल्या लेखात याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, आणि हा माझा मुख्य आक्षेप आहे.

न्यायचं असेल तर झाड नेऊ नका, रीत न्या. आमच्या लहानपणी शेताला बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी असायची, तिच्यात वटवटे आणि बुलबुल नांदायचे. आता गावी गेलं की तारा आणि झटका मशीन. रानडुकरांपुढे शेतकऱ्याचा नाइलाज आहे, त्याला मी बोल लावणार नाही. पण फार्महाऊसला कसली रानडुकरं? तिथं करवंद लावा. सदाहरित आहे, काटा दुहेरी आहे, पांढऱ्या फुलांना सुगंध आहे (आणि ती खुशाल घरात आणता येतात), मे महिन्यात फळ आहे. त्याचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळवून डब्यात ठेवलं की गेलं. पहिल्या पावसात दुहेरी ओळीत आडवं-तिडवं लावा, मध्ये बोर, चिलार, सागरगोटा, निर्गुडी मिसळा, वर गुळवेल चढू द्या. शेंडे लवकर खुडा म्हणजे बूड घट्ट होईल. घाणेरी आणि विलायती बाभूळ मात्र फुकट मिळाली तरी नको. दोन्ही परदेशी आणि दोन्ही हाताबाहेर जाणाऱ्या.

भाचा म्हणतो, करवंदाचं कुंपण गावठी दिसतं. यावर माझ्यापाशी उत्तर नाही. ते तुमच्या पुरवणीतल्या छायाचित्रकारापाशी असेल.

तेव्हा दोन विनंत्या. रोपं परदेशातून मागवण्याचा सल्ला मागे घेतल्याचं पुढच्या अंकात ठळक छापावं. आणि 'दर महिन्याला छाटणी' ही ओळ बदलून असं छापावं: दोन वर्षांतून एकदा, एका वेळी एकच बाजू, फळं संपल्यावर, आणि कात्री लावण्याआधी फांद्या बाजूला करून आत घरटं नाही ना ते पाहून. पावसाळ्यात वटवट्याचं घरटं पानं शिवून केलेलं असतं, वरवर पाहिलं तर दिसत नाही, हेही कंसात घालावं.

कळावे,
आपली जुनी वाचक,
लेस्टरशायर (मूळची रावेर तालुका, जि. जळगाव)